शरीफ, शरफ, शरभ : तंजावरच्या एका नावाचा इतिहास

तंजावरच्या भोसले घराण्यातील सर्वांत विद्वान राजाचे नाव मराठीत कसे लिहावे, याविषयी मराठी ग्रंथकारांचे आजवर एकमत झालेले नाही. कोणी सरफोजी लिहितो, कोणी शरफोजी, कोणी सर्फोजी. दक्षिणेत शरभोजी हे रूप रूढ आहे. संस्कृत आणि तमिळ काव्यांत तोच राजा शरभेन्द्र होतो, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत सेर्फोजी. एवढी रूपे एकत्र पाहिली की हा सारा लेखनिकांचा हलगर्जीपणा असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात मात्र यांतील एकही रूप निष्काळजीपणातून आलेले नाही. प्रत्येकामागे एक भाषा आहे, एक लिपी आहे, आणि एक श्रद्धाही आहे.

शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात एका दूरच्या राजाच्या नावाची चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. शाळा ही मुलांची नावे रोज मोठ्याने उच्चारणारी संस्था आहे, हे एक उत्तर झाले. दुसरे असे की, या राजाने स्वतः शाळा काढल्या, देवनागरी अक्षरांचा छापखाना घातला आणि महाराष्ट्रात मराठी शालेय पुस्तके छापली जाण्यापूर्वीच तमिळ मुलखात मराठी बालवाचकांसाठी पुस्तक छापविले. मराठी शिक्षणाच्या इतिहासात त्याचे नाव आरंभीच्या पानावर यावयास हवे. आणि जे नाव आरंभीच्या पानावर यावयाचे, ते कोठून आले हे ठाऊक असलेले बरे.

हा राजा म्हणजे दुसरा शरफोजी. जन्म 1777, राज्यारोहण 1798, मृत्यू 1832. अनेक भाषा जाणणारा, वैद्यकाचे प्रयोग करविणारा, नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवविणारा, सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे वैभव मिळवून देणारा. युरोपच्या प्रबोधनकाळात एकाच वेळी भाषा, वैद्यक, भूगोल आणि कला यांत रमणारे जे पंडित होऊन गेले, त्यांची उपमा अभ्यासक त्याला देतात. ती उपमा किती यथार्थ आहे याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु त्या पंडितांच्या नावांशी शरफोजीच्या नावाचे एक विलक्षण साम्य आहे. त्याकडे यथावकाश वळू.

प्रथम व्युत्पत्ती. ‘शरीफ’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ कुलीन, थोर, प्रतिष्ठित. ‘शरफ’ म्हणजे थोरवी, मानमरातब. दोन्ही एकाच धातूपासून आलेले. त्याला मराठीतील ‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय लागला की शरीफजी होतो. मालोजी, विठोजी, एकोजी, तुकोजी या नावांत ‘ओजी’ असा जो शेवट ऐकू येतो, तो मराठी कानाला इतका परिचित आहे की शरीफजीचा शरफोजी व्हायला काहीच आयास पडले नसावेत. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, हेही ध्यानात घ्यावे. अर्थात नावाचा पूर्वार्ध अरबी आणि उत्तरार्ध अस्सल मराठी. अशी नावे आपल्याकडे काही दुर्मीळ नाहीत. सुलतानजी, पिराजी, हैबतराव, फकीरराव ही नावे मराठी मुलखातील हिंदू घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली. पिराजी तर आजही गावोगाव भेटतो.

परंतु भोसल्यांच्या घरात हे नाव केवळ प्रघात म्हणून आले नाही. त्यामागे एका आईचा नवस आहे. मालोजीराजे भोसले यांच्या पत्नी उमाबाई यांना दीर्घकाळ संतती नव्हती. अहमदनगर येथील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथील, शाह शरीफ या सूफी पीराला त्यांनी साकडे घातले आणि पुढे दोन पुत्र झाले. पीराच्या नावाचे दोन भाग करून थोरल्याला शहाजी आणि धाकट्याला शरीफजी अशी नावे ठेवण्यात आली. एका सत्पुरुषाचे नाव दोन भावांत वाटून देण्याची ही कल्पना मोठी हृद्य आहे. थोरला शहाजी पुढे शिवछत्रपतींचा पिता म्हणून इतिहासात अजरामर झाला. धाकटा शरीफजी 1624 साली भातवडीच्या लढाईत कामी आला, आणि शालेय इतिहासात त्याच्या वाट्याला एखाददुसरे वाक्यच आले.

ही हकिकत निव्वळ ऐकीव कथा म्हणून बाजूला सारता येत नाही. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने कवींद्र परमानंदाने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात ती आली आहे. म्हणजे शहाजीराजांच्या पुत्राच्या दरबारी ती मान्य होती. आणि येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. हे काव्य महाराष्ट्राच्या स्मरणातून जवळजवळ लुप्त झाले होते. सदाशिव महादेव दिवेकर यांनी 1927 साली ते पुण्यात संपादून प्रसिद्ध केले, ते तंजावरच्या सरस्वती महालात सापडलेल्या हस्तलिखिताच्या आधारे. शरीफजी या नावाचा जन्मदाखला असा त्याच नावाच्या राजाने जोपासलेल्या ग्रंथालयात सुरक्षित राहिला होता.

नाव तंजावरला पोहोचले ते असे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी उर्फ एकोजी यांनी इसवी सनाच्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव शहाजी, दुसऱ्याचे शरफोजी, तिसऱ्याचे तुकोजी. पहिली दोन नावे एकत्र वाचावीत. अहमदनगरच्या त्या नवसाची जोडी जशीच्या तशी कावेरीच्या काठी पुन्हा उभी राहिली! आजोबांचे नाव नातवाला देणे ही तर आपल्याकडची रीतच. परंतु भातवडीला पडलेल्या चुलत्याचे नाव एकोजींनी आपल्या दुसऱ्या मुलाला दिले. ज्या काकांच्या नावे कोणी राज्य केले नाही, त्यांचे नाव असे सिंहासनावर बसले. हा पहिला शरफोजी 1712 ते 1728 या काळात तंजावरचा राजा होता. आपला विद्वान शरफोजी त्याच्या नंतरचा, म्हणून दुसरा.

आता ‘शरभ’ कोठून आला, ते पाहू. तमिळ लिपीत ‘फ’ या उच्चारासाठी स्वतंत्र अक्षर नाही. प, फ, ब, भ या चारही मराठी अक्षरांसाठी तेथे एकच अक्षर वापरले जाते, आणि वाचणाऱ्याने संदर्भाने उच्चार ठरवावयाचा. संस्कृतातही अरबी-फारसीतला ‘फ’ नाही. आपण जो ‘फळ’ म्हणताना उच्चारतो तो वेगळा. शरफोजी हे नाव तमिळमध्ये लिहिताच त्यातला फकार विरघळला, आणि वाचणाऱ्याच्या कानाने त्या जागी ओळखीचा शब्द बसविला. तो शब्द शरभ.

तंजावरच्या परिसरात शरभ हा काही कोशातला प्राणी नव्हता. नरसिंहाचा क्रोध आवरेनासा झाला तेव्हा शिवाने सिंह आणि पक्षी यांच्या संयोगाचे जे प्रचंड रूप घेतले, ते शरभाचे, असे शैव पुराणे सांगतात. कुंभकोणमजवळ तिरुभुवनम येथील चोळकालीन मंदिरात शरभमूर्तीची पूजा होते, आणि दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात शरभाचे शिल्प आहे. महाराष्ट्रातील दुर्गप्रेमी वाचकांनाही हा प्राणी अपरिचित नाही. किल्ल्यांच्या दरवाजांवर, कधी पंजाखाली हत्ती दाबून धरलेला, जो सिंहासारखा प्राणी कोरलेला दिसतो, त्याला आपण शरभच म्हणतो. शिवभक्त भोसल्यांच्या राजाला शिवाच्याच उग्र रूपाचे नाव मिळाले, तेव्हा ते दरबारी पंडितांना किती सोयीचे वाटले असेल! पहिल्या शरफोजीच्या काळी जगन्नाथ कवीने ‘शरभराजविलास’ नावाचे संस्कृत काव्य रचले. दुसऱ्या शरफोजीच्या दरबारी कोट्टैयूर शिवक्कोळुन्दु देशिकर यांनी तमिळमध्ये ‘शरभेन्द्र भूपाल कुरवंजी’ हे नृत्यनाट्य रचले. त्याच्या वैद्यकीय प्रयोगांवर आधारलेले तमिळ ग्रंथही ‘शरभेन्द्र वैद्य’ या नावानेच ओळखले जातात. शरभोजी या रूपात आणखी एक योगायोग दडलेला आहे: त्यात ‘भोज’ ऐकू येतो. विद्येचा आश्रयदाता म्हणून ज्याची कीर्ती भारतभर पसरली त्या धारच्या राजाचे स्मरण करून देणारे नाव एका ग्रंथप्रेमी राजाला मिळावे, हे दरबारातील श्लेषप्रिय कवींच्या नजरेतून सुटले असेल, असे मला वाटत नाही.

मघाशी ज्या साम्याचा उल्लेख केला, ते येथे येते. युरोपच्या प्रबोधनकाळात विद्वानांनी आपली घरगुती नावे ग्रीक-लॅटिन करून घेण्याचा मोठा प्रघात होता. रॉटरडॅमच्या डेसिडेरियस इरॅस्मसचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘इरॅस्मस’ हे त्याचे मूळचे नाव, एका ख्रिस्ती संताच्या नावावरून ठेवलेले, ग्रीक धातूकडे पाहिले तर ‘प्रिय’ या अर्थाचे. पुढे त्याने स्वतःच त्याला ‘डेसिडेरियस’ हे लॅटिन नाव जोडले. त्याचा अर्थही ‘इष्ट, हवाहवासा’ असाच. संताच्या नावावरून मुलाचे नाव, आणि मुलगा विद्वान झाल्यावर त्या नावाला अभिजात भाषेचा साज: शरीफजी ते शरभेन्द्र ही वाट याहून फारशी निराळी नाही. जर्मनीतील फिलिप मेलांख्थॉनचे मूळ आडनाव श्वार्ट्झएर्ड, म्हणजे काळी माती. त्याचे शब्दशः ग्रीक भाषांतर केले की मेलांख्थॉन होते. फरक एवढाच की जर्मन पंडितांनी अर्थ जपला आणि ध्वनी सोडून दिला. तंजावरच्या पंडितांनी ध्वनी जपला आणि अर्थ नवा घडविला. गंमत म्हणजे शरफोजीला ज्या जर्मन मिशनऱ्याने लहानपणापासून सांभाळले, त्याचे नावही ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्झ. मराठीत आणायचे तर काळे गुरुजी. त्यांनी मात्र आपले आडनाव जसे होते तसेच ठेवले.

या गुरूची शरफोजीला गरज होती. 1787 साली तुळजाजीराजांनी मृत्यूपूर्वी त्याला दत्तक घेतले. परंतु तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. शास्त्री-पंडितांचा अभिप्राय आधी दत्तकाच्या विरुद्ध गेला, आणि अमरसिंहांची सत्ता आली. दहा वर्षांच्या मुलाच्या जिवालाच धोका निर्माण झाला. श्वार्ट्झ यांच्या प्रयत्नांनी तो काही काळ मद्रासला सुरक्षित राहिला, तेथे शिकला. पुढे अभिप्राय फिरला आणि 1798 साली तो गादीवर बसला. त्याच वर्षी, राज्यारोहणाच्या काही महिने आधी, श्वार्ट्झ वारले. राजाने इंग्लंडातील शिल्पकार जॉन फ्लॅक्समनकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करविले. मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरून उभा असलेला राजा त्यात दिसतो. आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाच्या हाती तंजावरचा किल्ला, नेमणूक आणि नाव एवढेच उरले.

दत्तक म्हणून ज्याच्या कुलनावावरच शंका घेतली गेली, आणि राजा म्हणून ज्याच्या हाती नावाचेच राज्य उरले, त्या माणसाला नावाचे मोल किती वाटले असेल! बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर 1803 साली त्याने भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. बाबूराव चिटणीसांनी सिद्ध केलेला हा लेख जगातील अतिदीर्घ शिलालेखांत गणला जातो. त्याकडे केवळ पूर्वजांचा गौरव म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. हा मुलगा भोसल्यांचा आहे की नाही, या प्रश्नाला दगडावर लिहिलेले ते उत्तर आहे. त्याने ते तमिळ देशातील, राजराज चोळाने बांधलेल्या देवळाच्या भिंतीवर, मराठीत दिले. सरस्वती महालात त्याने जमविलेली सुमारे साडेचार हजार युरोपीय पुस्तके आहेत. त्यांपैकी अनेकांवर त्याची इंग्रजी सही आढळते. एका हाताने शिलालेखातला भोसला, दुसऱ्या हाताने ग्रंथाच्या मुखपृष्ठावरचा सेर्फोजी, आणि देवळातल्या नृत्यात शरभेन्द्र: यांतले एक रूप खरे मानून बाकीची पुसण्याची गरज त्याला भासली नाही.

त्याच्या शिक्षणकार्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र लेख होईल. 1805 च्या सुमारास त्याने ‘नवविद्याकलानिधि वर्णयंत्रशाळा’ या नावाने देवनागरी छापखाना घातला. वर्णयंत्र, म्हणजे अक्षरांचे यंत्र. छापखान्याला इतका नेमका शब्द मराठीत नंतर कोणी दिला नाही. सख्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने 1806 साली तेथे छापल्या गेल्या. राजाने स्वतः मराठीत ‘देवेन्द्र कुरवंजी’ रचली. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री. तिच्या तोंडून त्याने चक्क पृथ्वीचा भूगोल वदविला. भूगोलाच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा उपाय आधी कळता तर बरे झाले असते.

आता ओरत्तनाडु. तंजावरहून दक्षिणेला पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव रामेश्वरच्या यात्रेकरूंच्या वाटेवर पडते. या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे धर्मशाळा, अन्नछत्र, दवाखाना आणि पाठशाळा यांचा संगम. कंपनीने त्यांचे उत्पन्न ताब्यात घेऊ नये, म्हणून 1801 साली शरफोजीने इंग्रज रेसिडेंटाला एक विस्तृत पत्र लिहिले. त्यात तो सांगतो की येथे ब्राह्मणापासून परैयापर्यंत कोणत्याही वाटसरूला अन्न मिळते. जे शिजविलेले घेत नाहीत त्यांना शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून, जेवायचे कोणी राहिले असल्यास बोलावले जाते. चारही वेदांचे अध्यापक, मुलांना शिकविणारे पंतोजी आणि वैद्य तेथे नेमलेले असतात. कंपनीच्या कचेरीतील कोरड्या कागदांत ती मध्यरात्रीची घंटा अजून ऐकू येते.

त्यानंतर लवकरच, 1802 साली, ओरत्तनाडु येथे एक नवे छत्र उभे राहिले. त्याला नाव दिले मुक्तांबाळ छत्रम्. मुक्तांबाळ ही राजाची लग्नाची राणी नव्हती. यमुनाबाई आणि अहल्याबाई या त्याच्या विवाहित राण्या. मुक्तांबाळ त्यांच्या आधीपासूनची त्याची सहचरी. आपल्या नावाने अन्नदान व्हावे, ही तिची अखेरची इच्छा होती असे सांगितले जाते. राजवंशाच्या शिलालेखात जिला स्थान मिळण्याची शक्यता नव्हती, तिचे नाव राजाने यात्रेच्या हमरस्त्यावर लावले. छत्राबरोबर शाळाही चालली; वेदशास्त्रांबरोबर भाषा आणि नव्या विद्याही तेथे शिकविल्या जात. छत्राभोवतीच्या वस्तीला मुक्तांबाळपुरम असे नावही पडले. तिचे नाव कसे घडले पाहा: ‘मुक्ता’ म्हणजे मोती, संस्कृत, ‘अंबाळ’ म्हणजे देवी, आई, तमिळ उच्चाराने. राजाच्या नावात अरबी आणि मराठी एकत्र आली, तशी तिच्या नावात संस्कृत आणि तमिळ. पुरमचे नाव पुढे मागे पडले आणि गाव पुन्हा ओरत्तनाडु झाले. छत्राला मात्र आजही तिच्याच नावाने ओळखतात.

राहता राहिला लेखनाचा प्रश्न. काही जण आता आग्रहाने शरभोजी लिहितात आणि हे नाव शरभावरूनच आले असे सांगतात. काही जण उलट, शरीफ हेच खरे, शरभ ही पंडितांची बनवाबनवी, असे म्हणतात. पहिल्यांना उमाबाईंचा नवस अडचणीचा वाटतो, दुसऱ्यांना तिरुभुवनमचा देव. मला दोघांचेही म्हणणे मान्य नाही. नावाचा उगम शरीफ आहे, हे शिवभारत स्पष्ट सांगते. आणि ज्या प्रजेने त्या नावाने राजाला हाक मारली तिने त्यात शरभ ऐकला, हेही तितकेच खरे. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र ‘शरफोजी’ असे छापावे, असे माझे मत आहे. त्यात पीराच्या नावातले ‘श’ आणि ‘फ’ दोन्ही टिकतात, आणि मराठीचा ‘ओजी’ही. ‘सरफोजी’ने श गमावला, ‘शरभोजी’ने फ. तमिळ मुलांनी त्यांच्या लिपीत लिहिलेले रूप त्यांच्यापुरते बरोबरच आहे. ते सुधारण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

ओरत्तनाडूवरून पट्टुकोट्टै ओलांडून तसेच पुढे गेले की समुद्र लागतो. तेथे शरभेन्द्रराजन्‌पट्टिनम नावाचे गाव आहे, आणि किनाऱ्यावर, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे स्मारक म्हणून शरफोजीने बांधलेला आठ मजली बुरूज. गावाच्या नावात शरभ, इन्द्र आणि राजा आहेत, शेवटी तमिळ पट्टिनम आहे. शरीफ कोठेच उरलेला नाही. बुरुजाला तेथील तमिळ कोळी ‘मनोरा’ म्हणतात. तो शब्द मराठ्यांनी तेथे नेला, आणि मराठीत तो आला अरबीतून.